दोन ग्रॅमची पिशवी

आठ इंच रुंद, बारा इंच उंच आणि २० मायक्रॉन जाड अशी भाजीवाल्याकडची साधी कॅरीबॅग वजनाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते. हिशेब अवघड नाही. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर, जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग आणि पॉलिथिनची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी. रुपयाचं नाणंसुद्धा हिच्यापेक्षा जड असतं. तरीही ती दोन किलो कांदे घेऊन मंडईतून कोथरूडपर्यंत बिनतक्रार येते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊशे पट ओझं उचलते. ओली होत नाही, गळत नाही, घडी केली तर खिशात मावते. वस्तू म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही.

घोळ आहे तो वजनात. दोन ग्रॅमची म्हणूनच विक्रेता तिचे पैसे लावत नाही, गिऱ्हाईक तिची दखल घेत नाही आणि वापरून झाल्यावर भंगारवाला तिला हात लावत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पिशवीवर जे जे कायदे झाले, त्यांतले बरेचसे एका अर्थी तिचं वजन वाढवण्याचे प्रयत्न आहेत. ते कुठे जमले आणि कुठे फसले, हे पाहायला पुण्याइतकी चांगली जागा नाही. इथे कचरा गोळा करणारी माणसंच कचऱ्याच्या अर्थशास्त्रातली जाणकार आहेत.

पॉलिथिन सापडलं अपघातानं. १९३३ साली इंग्लंडमधल्या नॉर्थविच इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन रसायनशास्त्रज्ञांना प्रचंड दाबाखाली चाललेल्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. पुढे १९५३मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबात पॉलिथिन बनवण्याची रीत शोधली. तिच्यामुळे अधिक ताकदीचं पॉलिथिन स्वस्तात तयार होऊ लागलं आणि झिग्लरना १९६३चं नोबेल मिळालं. अतिशय पातळ तरी मजबूत पिशवी शक्य झाली ती या दुसऱ्या प्रकारामुळे. स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी प्लास्टिकची नळी दुमडून, चिकटवून आणि कापून एकसंध, बंदांची पिशवी तयार केली. तिचं अमेरिकी पेटंट १९६५चं. आपल्याकडच्या ठोक बाजारात हिलाच झबला म्हणतात. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडावी लागू नयेत, पिशवी खिशात ठेवून पुन्हा पुन्हा वापरावी, असं थुलिनना वाटत होतं, आणि ते स्वतःही खिशात एक घडी ठेवत, असं त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं आहे.

पुण्यात ही पिशवी हातोहाती दिसू लागली ती ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीत तर ती घरोघर पोचली. त्याआधी लोक काय करत होते, हे आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कोणालाही विचारावं. भाजीला जुन्या धोतराची नाहीतर साडीची शिवलेली पिशवी, किराण्याला कागदाची पुडी आणि वर दोरा, तेलाला किटली, धान्याला गोणपाटाची पिशवी. आणि हो, वायरची पिशवी. रंगीत प्लास्टिकच्या वायरी विणून केलेली ती चौकोनी पिशवी एकेका घरात दहा-दहा वर्षं टिकायची, कोपऱ्यातली वायर तुटली तर गाठ मारून चालू राहायची. तीही प्लास्टिकचीच होती. तिच्याविरुद्ध कुणी कधी मोर्चा काढला नाही, कारण ती कुणी फेकलीच नाही.

बदल किती खोल गेला, हे किराण्यापेक्षा फुलपुडीत जास्त दिसतं. पुण्यात सकाळी दाराच्या कडीला देवपूजेची फुलपुडी अडकवण्याची पद्धत जुनी आहे. पूर्वी ती पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली असे, आणि निर्माल्याबरोबर ते पानही तुळशीच्या कुंडीत जाई. मग पानाच्या जागी हातभराएवढीही नसलेली पातळ पिशवी आली. चार झेंडू, दोन शेवंती, थोड्या दूर्वा आणि एक पिशवी, असं रोज, वर्षभर. तिचं वजन एक ग्रॅमही भरणार नाही. असल्या पिशवीचा पुनर्वापर करणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

मायक्रॉन ही भानगड मुळात आहे तरी काय? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केंद्र सरकारनं १९९९मध्ये पहिल्यांदा पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली, आणि २००३च्या दुरुस्तीत किमान आकार आठ बाय बारा इंच ठरवला. पुनर्प्रक्रिया केलेल्या रंगीत प्लास्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ देऊ नयेत, हेही १९९९च्या नियमांतच होतं. २०११मध्ये किमान जाडी ४० मायक्रॉन झाली, २०१६मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२०. जाड पिशवी जास्त मजबूत असते, हे खरं असलं तरी नियमांचं मुख्य कारण ते नाही. कारण कळतं भंगाराच्या काट्यावर.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. त्याच आकाराची पिशवी २० मायक्रॉनची असेल तर एका किलोत ४३५च्या आसपास पिशव्या बसतात. ५० मायक्रॉनची असेल तर १७५. १२० मायक्रॉनची असेल तर सत्तर-पंच्याहत्तर. रस्त्यावरून, उकिरड्यातून प्लास्टिक वेचून विकणाऱ्या बाईच्या बाजूनं हे आकडे वाचा. पातळ पिशव्यांचा एक किलो भरायला चारशेहून जास्त वेळा वाकायचं, त्यातल्या निम्म्या आमटी-भाजीनं बरबटलेल्या, चिखलानं भरलेल्या, आणि एवढं करून भंगारवाला त्यांना सर्वांत खालचा भाव देणार किंवा घेणारच नाही. दुधाची पिशवी मात्र ती कधीच सोडत नाही. ती जाड असते, पारदर्शक असते, एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि बहुतेक घरं ती धुऊन ठेवतात. पुण्याच्या रस्त्यावर पडलेली दुधाची पिशवी फार वेळ पडून राहत नाही, आणि शेजारचा झबला मात्र पावसाळ्यापर्यंत तिथेच असतो. एकाच कुळातल्या दोन प्लास्टिकांच्या नशिबातला हा फरक काही ग्रॅमचा आणि थोड्या स्वच्छतेचा आहे.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्यातून पुढे स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. ढकलगाडीवर दोन बादल्या, ओल्याची आणि सुक्याची, आणि सुक्यातून विकण्याजोगं काढून मिळणारं उत्पन्न कचरावेचकाचं, ही ती व्यवस्था. कोणतं प्लास्टिक पुन्हा कारखान्यात जाईल आणि कोणतं कायमचं कचऱ्यात राहील, याचा निवाडा या गाडीवर रोज सकाळी होतो. पर्यावरणाच्या चर्चासत्रांत जे ‘पुनर्वापरयोग्य’ म्हणून गौरवलं जातं, त्यातलं बरंचसं इथे नापास होतं. शास्त्रदृष्ट्या झबल्याचं पुन्हा प्लास्टिक करता येतं, पण त्यात कुणाचं पोट भरत नाही.

जे गाडीवर येत नाही, ते नाल्यात जातं. आंबिल ओढा, नागझरी आणि शहरातले बाकीचे ओढे-नाले शेवटी मुठेला नाहीतर मुळेला मिळतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि दोन दिवसांनी पाणी ओसरलं, की नदीकाठच्या झाडांच्या फांद्यांवर पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या दिसतात. पूर कुठवर चढला होता, हे त्यावरून अचूक सांगता येतं. पिशवी नाल्याच्या जाळीवर बसली तर पाणी अडतं आणि हलकेपणामुळे ती नेमकी तिथेच जाऊन बसते. ही पिशवी कुजायला पाचशे वर्षं लागतात, असं ठोकून सांगितलं जातं. पॉलिथिन जन्माला येऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा आहे, पाहिलेला नाही. नक्की माहीत आहे ते एवढंच, की उन्हातल्या अतिनील किरणांनी ती ठिसूळ होते, तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात, आणि ते बारीक होऊनही प्लास्टिकच राहतात.

महाराष्ट्राला या पिशवीची खरी दखल घ्यायला लावली ती २६ जुलै २००५च्या पावसानं. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि तुंबलेल्या गटारांच्या आरोपींत पिशव्यांचं नाव आघाडीवर आलं. त्या पुराची इतर कारणं मोठी होती, मिठी नदीवरची अतिक्रमणं आणि भराव तर होतेच. पण पिशवीवर कारवाई करणं सोपं होतं. २००६मध्ये अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा आला आणि केंद्राची मर्यादा २० मायक्रॉन असताना राज्यानं ५० मायक्रॉनची धरली. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांच्या खात्यानं ती गाजलेली अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राज्याच्या अधिसूचनेत कॅरीबॅगच्या जाडीचा प्रश्नच ठेवलेला नाही. बंद असलेली असो वा नसलेली, पातळ असो वा जाड, प्लास्टिकची पिशवी बंद. दूध, औषधं, निर्यात, रोपवाटिका अशा अपवादांची यादी वेगळी, आणि किरकोळ दुकानांतल्या वेष्टनाला नंतर मिळालेली सवलत वेगळी. त्यामुळे ‘ही ५१ मायक्रॉनची आहे साहेब’ हे दुकानदाराचं उत्तर केंद्राच्या जुन्या नियमाचं आहे, महाराष्ट्राच्या कायद्याचं नाही. पण केंद्राचे नियम एकीकडे, राज्याची अधिसूचना दुसरीकडे आणि मध्ये दर काही महिन्यांनी आलेल्या दुरुस्त्या, यात आरोग्य निरीक्षकाचाही गोंधळ होतो, तिथे पथारीवाल्याचं काय? जाडी मोजायला सूक्ष्ममापी लागतो. डोळ्यांना तर ४० आणि ६० मायक्रॉन सारखेच दिसतात.

२०१८च्या जून-जुलैत पुण्यात खरोखर पिशव्या दिसेनाशा झाल्या होत्या. कपाटातल्या कापडी पिशव्या बाहेर आल्या, दुकानांत ‘पिशवी घरून आणावी, वाद घालू नये’ छापाच्या पाट्या लागल्या, आणि पुणेकर असूनही लोकांनी फारसा वाद घातला नाही. हे का जमलं, यावर थोडं थांबायला हवं. भाजीवाला पिशवी हौसेनं देत नाही, ती त्याच्या खिशातून जाते. किलोचा भाव उदाहरणादाखल दीडशे रुपये धरला तर एक पिशवी ३५ पैशांना पडते, आणि दिवसाला दोनशे पिशव्या गेल्या तर सत्तर रुपये. दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्याला ते परवडत नाही. पण शेजारची गाडी पिशवी देते आणि आपण देत नाही, म्हटल्यावर गिऱ्हाईक शेजारी जातं. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद केलं, तर प्रत्येकाचे सत्तर रुपये वाचतात. पहिल्या काही आठवड्यांत धाकामुळे नेमकं हेच झालं. मग तपासणी सैल झाली, एका गाडीखालून पिशवी निघाली, दुसऱ्या गाडीखालून निघाली, आणि गाडं मूळपदावर आलं. दंडाची रक्कमही हिशेबाला धरून नव्हती. दिवसाकाठी पाचशे-सातशे मिळवणाऱ्याला ५,००० रुपयांची पावती फाडायची म्हणजे निरीक्षकालाही जीवावर येतं, आणि जिथे दंड वसूल होत नाही तिथे तडजोड होते.

त्याच अधिसूचनेत एक शहाणी कल्पना होती, तिची चर्चा कमी झाली. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायची, रिकामी पिशवी आणून दिली की ते पैसे परत. दूधवाल्या संघांनी हरकती घेतल्या आणि ही योजना घरापर्यंत काही पोचली नाही. खरं तर दुधाची पिशवी तशीही गोळा होते. ५० पैशांची खरी गरज झबल्याला होती.

बंदीनंतर बाजारात आल्या त्या बहुरूपी पिशव्या. पहिली म्हणजे साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत मिळणारी रंगीत, मऊ, कापडासारखी पिशवी. अनेक जण ती कापडीच समजतात. ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलीन वितळवून त्याचे तंतू एकमेकांवर पसरतात आणि उष्णतेनं जागोजागी चिकटवतात. नीट पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते, ते चिकटवल्याचे ठसे. एक धागा ओढून पाहा, उभा-आडवा धागा निघतच नाही. कडेला काडी लावली तर कापूस जळून राख होईल, ही आकसून गोळा होते. २०१८च्या अधिसूचनेत हिलाही बंदी होती. २०२२च्या अखेरीस राज्यानं चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा जाड अशा पिशव्यांना मुभा दिली. मध्यम आकाराची एक पिशवी म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास प्लास्टिक, जवळपास साडेसहा झबल्यांइतकं. पन्नास वेळा वापरली तर उत्तम सौदा. एकदा मिठाई आणून माळ्यावर टाकली, तर झबल्यापेक्षा वाईट.

दुसरी, ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली. मका किंवा तत्सम पिकांच्या पिष्टापासून आणि काही खास बहुवारिकांपासून ती बनते, आणि तिच्यासाठी जाडीची अट नाही. फक्त मानक आहे, आयएस १७०८८, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. मात्र ती चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या, ओलावा राखलेल्या औद्योगिक कंपोस्टाच्या ढिगात होते. मुठेच्या पाण्यात किंवा सोसायटीच्या गांडूळखताच्या टाकीत ते तापमान नसतं. शिवाय ही पिशवी आणि साधी पिशवी कचऱ्यात सारख्याच दिसतात, त्यामुळे कचरावेचकाला दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

पिशवीला किंमत लावली तर? आयर्लंडनं मार्च २००२मध्ये ते केलं. दर पिशवीमागे १५ सेंट, आणि अट अशी की ते दुकानदारानं सोसायचे नाहीत, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे. माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांचा अंदाज होता, तो २१वर आला. बंदी नव्हती, छापे नव्हते. आपल्याकडेही २०११च्या नियमांत पिशवी फुकट देऊ नये असं होतं. २०१६च्या नियमांत पिशव्या देणाऱ्या विक्रेत्यानं स्थानिक संस्थेला महिन्याला किमान ४,००० रुपये भरावेत, असं कलम आलं आणि २०१८च्या दुरुस्तीत ते निघूनही गेलं. त्यात २०१९मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचानं बुटांच्या एका दुकानाला कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल भुर्दंड बसवला. आपली जाहिरात छापलेली पिशवी गिऱ्हाइकाच्या माथी मारून वर पैसे घेणं योग्य नाही, हा मंचाचा मुद्दा समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा झाला, की पिशवी फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क ठरल्यासारखं झालं.

जाडी वाढवण्याचा मार्ग कुठे जातो, हे कॅलिफोर्नियानं दाखवलं. तिथे पातळ पिशव्यांवर बंदी आली आणि जाड, ‘पुन्हा वापरायच्या’ प्लास्टिक पिशव्या दहा सेंटला विकायला मुभा राहिली. लोकांनी दहा सेंट दिले आणि जाड पिशवीही एकदाच वापरली. काही वर्षांनी कचऱ्यात जाणाऱ्या पिशव्यांचं एकूण वजन आधीपेक्षा वाढलेलं निघालं, आणि २०२४मध्ये ती पळवाट बंद करणारा कायदा करावा लागला. आपल्या १२० मायक्रॉनची गोष्ट वेगळी होईल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

मग कापडी पिशवी. इथेही एक हिशेब आहे आणि तो गैरसोयीचा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११मध्ये काढलेल्या आकड्यांनुसार, तापमानवाढीच्या दृष्टीनं सुती पिशवी प्लास्टिकच्या एकदाच वापरलेल्या पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८च्या अभ्यासात थोड्या जाड पिशवीशी तुलना करून हाच आकडा ५२ आला, आणि पाणी, खतं, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. कापूस फुकट उगवत नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. या अभ्यासांनी नाल्यात अडकलेली पिशवी किंवा गाईच्या पोटातला प्लास्टिकचा गोळा मोजला नव्हता, हे खरं. पण आकड्यांचा रोख स्पष्ट आहे. नवी कापडी पिशवी ही स्वतःच एक खर्च आहे. निवडणुकीआधी उमेदवाराच्या फोटोसकट वाटलेल्या, प्रदर्शनात, परिषदेत, लग्नात मिळालेल्या पिशव्यांनी घरातला एक कप्पा भरलेला असतो, आणि भाजी आणायला जाताना त्यातली एकही हातात नसते. जुन्या साडीची, पडद्याची, फाटक्या जीन्सची पिशवी मात्र या हिशेबात जवळजवळ शून्यापासून सुरू होते, कारण तिचा कापूस आधीच खर्ची पडलेला आहे. पुण्यातल्या बचत गटांना काम द्यायचंच असेल तर नव्या कापडाचे तागे देण्यापेक्षा जुन्या साड्या द्याव्यात.

‘पण मग कचऱ्याला पिशवी कुठली घालायची?’ हा प्रश्न पुण्यातल्या स्वयंपाकघरात हमखास येतो, आणि भाजीवाल्याकडून पिशवी मागून घेण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. ओल्या कचऱ्याला पिशवीच लागत नाही. डबा धुता येतो, तळाला वर्तमानपत्राचा कागद घालता येतो, आणि कचरा थेट गाडीच्या बादलीत ओतता येतो. गाठ मारलेली पिशवी दिली की ती उघडून आतला चहाचा चोथा आणि भाताची शितं हातानं वेगळी काढायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. ते केलं नाही तर पिशवीसकट सगळं कंपोस्टाच्या नाहीतर बायोगॅसच्या प्रकल्पात जातं आणि तिथल्या यंत्रात गुंडाळून बसतं.

घरात आधीच साठलेल्या पिशव्यांचंही तसंच आहे. एकेक करून डब्यात टाकली तर ती दोन ग्रॅमचीच राहते. धुऊन, वाळवून, महिनाभराच्या एकाच पिशवीत दाबून भरल्या आणि सुक्या कचऱ्याबरोबर स्वतंत्र हातात दिल्या, तर तो पाव-अर्धा किलोचा स्वच्छ माल होतो, आणि त्याला काट्यावर घ्यायचं की नाही हे निदान विचारता येतं. फुलपुडीवाल्यासाठी रात्री कडीला एक छोटी कापडी पिशवी अडकवून ठेवली, तर सकाळी फुलं तिच्यात येतात. त्याचीही पिशवी वाचते, त्यामुळे तो सहसा नाही म्हणत नाही.